मधला थर: तुमचं बिलिंग आणि बाहेरच्या सेवा

तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरला रोज चार दारं ठोठवावी लागतात: ई-इनव्हॉइसचं पोर्टल, पेमेंट गेटवे, एसएमएस आणि कुरिअर. प्रत्येकाचा पत्ता वेगळा, पासवर्ड वेगळा, बोली वेगळी. त्यांतल्या एकाने काही बदललं की आमचा माणूस शाखा-शाखांत फिरून सॉफ्टवेअर दुरुस्त करायचा. ती पायपीट आता बंद.

यापुढे तुमचं सॉफ्टवेअर फक्त आमच्या मधल्या थराशी, म्हणजे तुमच्या आणि बाहेरच्या सेवांच्या मध्ये आम्ही चालवत असलेल्या सॉफ्टवेअरशी बोलेल. बाहेरच्या प्रत्येक सेवेसाठी तिथे एक आभासी सेवा आहे, म्हणजे कधी न बदलणारा एक पत्ता. खरी सेवा तिच्यामागे कुठेही असो. एक्सएमएल आणि जेसन हे माहिती मांडण्याचे दोन साचे; काहींचं जुनं सॉफ्टवेअर एक्सएमएलच बोलतं, ई-इनव्हॉइस पोर्टलला जेसन लागतं. ही दुभाषेगिरी थर करतो. एसएमएसची कंपनी बदलली तर आमच्याकडची एक नोंद बदलते, तुमच्या काउंटरवर काही नाही. (डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस-नोंदणी यंत्रणेवर, मंजूर झालेला मजकूर मात्र जसाच्या तसा ठेवा. शब्द बदललात की मेसेज अडतो, तिथे थराचंही चालत नाही.)

‘समोरून उत्तरच आलं नाही तर?’ असं बरेच जण विचारतात. ई-इनव्हॉइसची विनंती आम्ही बिनधास्त पुन्हा पाठवतो. ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे पोर्टलवर प्रत्येक बिलाला मिळणारा ओळख क्रमांक, तुमचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांवरूनच बनतो. पहिली विनंती पोचली असेल तर दुसरीला पोर्टल ‘डुप्लिकेट’ म्हणतं, आणि थर आधीचाच आयआरएन मागवून तुम्हाला देतो.

रिफंडचं तसं नाही. एकाच गिऱ्हाइकाला दोनदा रिफंड गेला की तो परत मिळवताना काय होतं, हे दुकानदाराला आम्ही काय सांगणार! म्हणून तिथे थर आधी गेटवेला पहिल्या रिफंडचं काय झालं ते विचारतो. तोवर स्क्रीनवर ‘प्रलंबित’ दिसेल; बटण पुन्हा दाबू नका.

पोर्टलच बंद असेल तर बिलं रांगेत थांबतात. ही रांग रोज संध्याकाळी उघडून बघा. वार्षिक उलाढाल १० कोटी किंवा जास्त असलेल्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिल ३० दिवसांच्या आत पोर्टलवर नोंदवावं लागतं. आयआरएन रद्द करायला तर २४ तासच मिळतात.

एक जोखीमही सांगून ठेवतो: चारही दारांची वाट आता एकच आहे, ती अडली की सगळंच अडेल. त्यासाठी थराची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी सतत चालू ठेवली आहे.

सुरुवात करताना ई-इनव्हॉइस पोर्टलवर वेगळा एपीआय वापरकर्ता (फक्त सॉफ्टवेअरने पोर्टलशी बोलण्यासाठीचं खातं) तयार करा. तुमचा मुख्य पासवर्ड आम्हालाही देऊ नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको.