एटीएमचा पिन उलटा टाकल्याने पोलीस येत नाहीत

ठाण्यात, विशेषतः घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, हा मेसेज अधूनमधून पुन्हा उगवतो: चोराने एटीएमपाशी धमकावलं तर पिन उलटा टाका; पैसे निघतील आणि पोलिसांना गुपचूप खबर जाईल.

असं काहीही होत नाही. १२३४ ऐवजी ४३२१ टाकलात तर मशीनच्या लेखी तो नुसता चुकीचा पिन. व्यवहार नाकारला जाईल आणि समोरचा चाकूवाला आणखी बिथरेल. म्हणूनच ही अफवा निरुपद्रवी नाही.

कल्पना मात्र कुणाला तरी खरंच सुचली होती. अमेरिकेत १९९०च्या दशकात तिचं पेटंटही निघालं. पण २०१०मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या अहवालाने सांगितलं, की आमच्या माहितीप्रमाणे ती कुठल्याच एटीएमवर बसवलेली नाही. बसवणार तरी कशी? २५५२ किंवा ७७७७ उलटा करून बघा!

मेसेजवर तारीख नाही, परिपत्रकाचा क्रमांक नाही. पुढे ढकलण्याआधी नौपाड्यातल्या आपल्या शाखेत एक प्रश्न विचारला असता तरी भागलं असतं. प्रसंग आलाच, तर पैसे देऊन टाका, सुटल्यावर ११२ लावा आणि बँकेला सांगून कार्ड ब्लॉक करा.