सेंट पीटर्स युनिव्हर्सिटीचे पीकॉक्स

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीमधे सेंट पीटर्स म्हणून एक छोटी जेझुइट युनिव्हर्सिटी आहे, १८७२ ची, आणि तिच्या सगळ्या खेळांच्या टीम्सना पीकॉक्स म्हणतात. मोर कुठून आला तर तिथे पूर्वी मायकेल पाऊ नावाच्या डच माणसाची पाव्होनिया वसाहत होती आणि लॅटिनमधे पाव्हो म्हणजे मोर. डिव्हिजन वन मधे, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, मोर मॅस्कॉट असलेली ही एकटीच. शेजारी जर्नल स्क्वेअरला आपल्या देशी लोकांचा इंडिया स्क्वेअर बाजार आहे, त्यामुळे हा मोर आपल्यालाही जवळचा वाटतो.

अमेरिकन फुटबॉलची टीम २००७ मधे बंद झाली, खरा जीव बास्केटबॉलमधेच. १९६८ च्या टीमने एनआयटी या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेत ड्यूक युनिव्हर्सिटीला १००-७१ असं धुतलं होतं, सुसाट पळत खेळायचे म्हणून त्यांना 'रन बेबी रन' म्हणायचे, आताच्या जिमलाही तेच नाव आहे.

पण जगाला नाव कळलं ते मार्च २०२२ मधे. एनसीएए म्हणजे कॉलेज बास्केटबॉलची देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा, त्यात चार गट, प्रत्येक गटात १ ते १६ मानांकन. १५ नंबरवाल्याने पहिल्याच मॅचला २ नंबरवाल्याला हरवलंय असं त्याआधी फक्त ९ वेळा झालं होतं. १५ नंबरच्या सेंट पीटर्सने २ नंबरच्या केंटकीला ओव्हरटाईममधे ८५-७९ हरवलं, डॅरिल बँक्सने एकट्याने २७ पॉइंट केले, आणि फरक किती होता बघा, केंटकीच्या कोचचा वर्षाचा पगार ८० लाख डॉलरच्या वर आणि इकडे आपला कोच शाहीन हॉलोवेचा अडीच लाखाच्या आसपास! मग मरे स्टेटला ७०-६०, मग ७ फूट ४ इंची झॅक ईडीच्या पर्ड्यूला ६७-६४. शेवटच्या आठात पोचलेली इतिहासातली पहिली १५ नंबरची टीम. तिथे नॉर्थ कॅरोलायनाने ६९-४९ ने थांबवलं, त्या दिवशी पीकॉक्सचे शॉट पडलेच नाहीत.

त्यानंतर जे झालं ते मला जास्त लागतं. हॉलोवे लगेच सीटन हॉलला कोच म्हणून गेला, त्याचं स्वतःचं जुनं कॉलेज, तेव्हा त्याला दोष देता येत नाही. मग ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे खेळाडूंनी कॉलेज बदलायच्या यादीतून, के.सी. एनडेफो त्याच्या मागोमाग तिकडेच, बँक्स सेंट बोनाव्हेंचरला, मिशीवाला डग एडर्ट ब्रायंटला, काही महिन्यांत अख्खी टीम विस्कटली. मोठी युनिव्हर्सिटी अशा वेळी नवे स्टार आणते, छोटीला परत शून्यातून पोरं जमवावी लागतात. नवा कोच बशीर मेसनने ती जमवली आणि २०२४ मधे पीकॉक्स पुन्हा मॅक कॉन्फरन्सची, म्हणजे आपल्या विभागातल्या कॉलेजांच्या गटाची, टूर्नामेंट जिंकून एनसीएएत गेले, यावेळी टेनेसीने पहिल्याच मॅचला ८३-४९ घरी पाठवलं.