हाताने काढलेले बॅटल मॅप आले कुठून? लपवलेल्या नकाशापासून टेबलाच्या मधोमध

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र बनून खेळायचे खेळ, त्यांच्यासाठी हाताने बॅटल मॅप, म्हणजे लढाईच्या जागेचे नकाशे, काढणाऱ्यांचं हल्लीचं काम बघितलं की थक्क व्हायला होतं. फरशीतली प्रत्येक फट, उलटलेलं टेबल, भिंतीला टेकवलेली पिंपं, पुलाच्या मोडक्या फळ्या, पाण्याच्या कडेचा चिखल, सगळं शाईने काढलेलं असतं. आणि मग १९७० च्या दशकातला कुठलाही डंजनचा, म्हणजे भुयारांचा, नकाशा उघडून बघा, त्यात यातलं काही नाही. भिंती, दारं, जिने, खोल्यांचे नंबर, झालं. एवढा फरक का पडला यावर बहुतेक लोक म्हणतात की छपाई सुधारली, पेनं चांगली आली, चित्रकार या छंदात आले. ते खरं आहेच, पण मला ते अर्धंच कारण वाटतं. मुख्य गोष्ट अशी की नकाशा आधी एकाच माणसाच्या डोळ्यांसाठी होता आणि नंतर तो सगळ्यांसमोर आला, आणि समोर आला तसा त्याचा स्केलही बदलला. बाकीचे बदल याच्या मागोमाग आले असं मी म्हणेन.

सुरुवात युद्धखेळांपासून करावी लागते. १७८० मध्ये ब्रुन्सविकच्या योहान हेलविगने बुद्धिबळावरून एक खेळ बनवला, त्याच्या पटावर १६१७ चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीचा रंग तिथली जमीन कसली आहे ते सांगायचा, म्हणजे डोंगर, दलदल, पाणी वगैरे. चौकट बघितली की नियम कळला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण बॅटल मॅपचं मूळ काम इथेच ठरलंय, नकाशावर काढलेली प्रत्येक गोष्ट खेळातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर असते. इथून जाता येतं का, किती वेळ लागेल, पलीकडचं दिसतं का.

मग प्रशियात राइसविट्झ बापलेक आले. वडिलांनी १८१२ च्या सुमारास राजासाठी एक टेबलच बनवलं, त्यावर जमिनीचे सुटे तुकडे हवे तसे मांडून रणांगण तयार करता यायचं. मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट होता, त्याने १८२४ मध्ये जे नियम छापले त्यात सुटे तुकडेही गेले आणि चौकटीही गेल्या, खरा भूप्रदेशाचा नकाशा आला, स्केल १:८०००, आणि अंतर पट्टीने मोजायचं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पंच. दोन्ही बाजू आपापले हुकूम पंचाला द्यायच्या, कुणाला काय दिसतंय ते पंच ठरवायचा, शत्रू नजरेत आला तरच त्याचे ठोकळे नकाशावर ठेवले जायचे. म्हणजे पूर्ण चित्र फक्त एकाला माहीत. पुढे दीडशे वर्षांनी डंजन मास्टर, म्हणजे रोलप्लेइंग खेळ चालवणारा माणूस, जे करणार होता ते जवळपास हेच!

याच काळातली अजून एक गोष्ट सांगतो, कारण हाताने काढणाऱ्यांना ती आवडेल. १७९९ मध्ये योहान गेओर्ग लेहमान नावाच्या सॅक्सन अधिकाऱ्याने डोंगरउतार दाखवायची पद्धत मांडली, उताराच्या दिशेने बारीक रेषा काढायच्या आणि उतार जितका उभा तितक्या त्या जाड. काळ्या शाईत, रंग न वापरता, चढ किती आहे ते नजरेला कळतं. आज बॅटल मॅपवर कडा किंवा खड्डा दाखवायला आपण ज्या रेघोट्या मारतो त्या थेट तिथूनच आल्या असं मी म्हणत नाही, पण काम तेच आणि उपायही तोच.

विसाव्या शतकात दोन वाटा झाल्या. एक पट्टीवाल्यांची. एच. जी. वेल्सने १९१३ च्या आपल्या पुस्तकात खेळण्यातल्या शिपायांची लढाई जमिनीवर मांडायचे नियम दिले आणि चाल मोजायला सुतळीचे ठरावीक लांबीचे तुकडे वापरले. शिपाई, ठोकळ्यांची घरं आणि मोजपट्टी, नकाशा असा नाहीच. दुसरी वाट छापील पटाची. चार्ल्स रॉबर्ट्सने १९५४ मध्ये काढलेल्या खेळात चौकटी होत्या, त्याच्या अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीने १९६१ पासून षटकोन म्हणजे हेक्स आणले. कारण साधं आहे, चौकटीत तिरकं गेलं तर अंतर १.४१ पट होतं आणि सरळ गेलं तर १ पट, हेक्समध्ये सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. चौकट की हेक्स ही भांडणं अजून संपलेली नाहीत.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनिआपोलिस आणि सेंट पॉलच्या युद्धखेळ खेळणाऱ्या गटात डेव्हिड वेस्लीने एक खेळ घेतला ज्यात प्रत्येक खेळाडूकडे फौजेऐवजी एकेक पात्र होतं, आणि त्याच गटातल्या डेव्ह आर्नेसनने पुढे ब्लॅकमूर हा खेळ सुरू केला, किल्ल्याखालची भुयारं ग्राफ पेपरवर काढून. अमेरिकेतल्याच लेक जिनिव्हाचा गॅरी गायगॅक्स पट्टीवाल्यांतला होता, त्याच्या आणि जेफ पेरेनच्या १९७१ च्या मध्ययुगीन लढाईच्या नियमांत १ इंच म्हणजे १० यार्ड. आर्नेसन आणि गायगॅक्स एकत्र आले आणि १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) निघालं, पहिली छपाई १००० प्रती. त्यात अंतरं इंचांतच दिलीत, जमिनीवर १ इंच म्हणजे १० यार्ड आणि भुयारात १० फूट. जंगलातल्या प्रवासासाठी तर चक्क दुसऱ्या कंपनीच्या आउटडोअर सर्व्हायव्हल या खेळाचा हेक्सवाला पट वापरा असं सुचवलं होतं. पट्टी, चौकट, हेक्स सगळं एकाच खोक्यात.

पण या सगळ्यात भुयाराचा नकाशा मात्र लपलेलाच. डीएमने, म्हणजे डंजन मास्टरने, घरी ग्राफ पेपरवर काढायचा, एक चौकट १० फूट, आणि खेळताना आडोशामागे ठेवायचा. समोर खेळाडूंपैकी एकजण मॅपर असायचा, तो फक्त ऐकून आपला नकाशा काढत जायचा, ‘उत्तरेला ३० फूट बोळ, मग डावीकडे दार’ वगैरे. चुकला तर चुकला, परतीची वाट सापडणार नाही. तिरके बोळ, लपलेली दारं, हळूहळू खाली उतरत जाणारी जमीन, हे सगळं मॅपरला चुकवायलाच असायचं. म्हणजे नकाशा वाचणं सोडाच, काढणं हाच खेळाचा मोठा भाग होता. अशा नकाशावर टेबलखुर्च्या काढायचं काही कामच नाही, आणि काढायच्या ठरवल्या तरी १० फुटांची चौकट कागदावर पाव इंचाची असते, तिच्यात टेबल दिसणार काय. खोलीत काय आहे ते नंबराखाली लिहायचं आणि बोलून सांगायचं. दारासाठी छोटा आयत, गुप्त दाराला एस, जिन्याला जवळजवळ ओढलेल्या रेघा, ही चिन्हं तेव्हापासून आजपर्यंत जवळपास तशीच आहेत.

छापील मालही त्याच धाटणीचा. १९७६ मध्ये डी अँड डी छापणाऱ्या टीएसआर कंपनीने जुळवून वापरायचे भुयारांचे तुकडे काढले. त्याच वर्षी जजेस गिल्ड ही कंपनी सुरू झाली, त्यांच्या शहराच्या मोठ्या नकाशावर गल्ल्या आणि दुकानं होती, शहर म्हणून ते पहिल्यांदाच इतकं भरलेलं वाटलं. १९७८ पासून टीएसआरच्या साहसांच्या, म्हणजे तयार कथानकांच्या पुस्तिकांच्या, सुट्या कव्हरच्या आतल्या बाजूला फिकट निळ्या रंगातले नकाशे यायचे, त्या काळच्या झेरॉक्स मशीनला हा निळा नीट दिसायचा नाही. आणि १९८० मध्ये डार्लीन या चित्रकर्तीने ग्रेहॉक या डी अँड डीच्या काल्पनिक जगाचा जो नकाशा काढला तो बॅटल मॅप नाही, पूर्ण खंडाचा हेक्स नकाशा आहे, पण हाताने लिहिलेली अक्षरं आणि रंग यामुळे नकाशा ही भिंतीवर लावावी अशी चीज असू शकते हे अनेकांना त्याने दाखवलं. १९८३ च्या रेव्हनलॉफ्ट या साहसात डेव्हिड सदरलँडने किल्ल्याचे नकाशे आयसोमेट्रिक, म्हणजे तिरक्या कोनातून उंची दिसेल असे, काढले, मजल्यावर मजला कसा बसतो ते एका नजरेत कळावं म्हणून, आजही ते बघून शिकण्यासारखं खूप आहे.

मग नकाशा बाहेर कसा आला? मिनींमुळे. लोक धातूच्या २५ मिमीच्या आकृत्या, म्हणजे मिनी, टेबलावर मांडायचे, मग कोण कुठे उभा आहे ते दाखवायला खाली काहीतरी हवं. इथे स्केलचा घोळ झाला. नियमांत १ इंच म्हणजे १० फूट, पण १ इंचाच्या जागेत तर एकच मिनी मावते, मग १० फुटी बोळात एकच माणूस? १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये गायगॅक्सने तोडगा दिला की मिनी वापरताना १ इंच म्हणजे साडेतीन फुटांहून थोडं कमी, नेमकं ३⅓ फूट धरा, म्हणजे १० फुटी बोळ तीन चौकटी रुंद आणि तिघं शेजारी शेजारी. तिकडे १९७७ मध्ये स्टीव्ह जॅक्सनचा मेली हा छोटा खेळ आला, त्यात हेक्सच्या नकाशावर एकेका लढवय्याची चाल, तोंड कुठल्या बाजूला, सगळं मोजलेलं, आणि हा नकाशा दोघांसमोर उघडा. पुढे तिथूनच १९८६ मध्ये गर्प्स हा रोलप्लेइंग गेम आला, तोही हेक्सवर. आणि मग व्हिनाइलच्या मॅट पसरल्या, १ इंचाच्या चौकटी आधीच छापलेल्या, वर वेट-इरेज मार्करने काढायचं आणि ओल्या फडक्याने पुसायचं. बॅटल मॅप म्हणून आज आपण जे ओळखतो ते खऱ्या अर्थाने या मॅटवर जन्मलं असं मला वाटतं, कारण इथे डीएम सगळ्यांच्या देखत काढतो. खेळाडू विचारतो तिथे खांब आहे का, डीएम खांब काढतो, आणि त्या क्षणापासून तो खांब सगळ्यांचा.

५ फूट म्हणजे १ इंच हे माप डी अँड डीमध्ये १९९५ च्या कॉम्बॅट अँड टॅक्टिक्स पुस्तकात आलं आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने ते पक्कं केलं. १ इंचाला ५ फूट म्हणजे १:६० स्केल. जरा हिशोब करा, ३० फुटांची खोली जुन्या ग्राफ पेपरवर तीन चौकटी बाय तीन चौकटी, पाऊण इंचात संपायची. बॅटल मॅपवर तीच खोली ६ इंच बाय ६ इंच. एवढी जागा रिकामी ठेवली तर ती उघडी पडते, आणि भरायची तर त्यात टेबल अर्धा इंच रुंद बसतं, पिंपाचं झाकण स्पष्ट गोल काढता येतं. तपशील काढायला जागा इथे झाली.

आणि गरजही इथेच झाली. तिसऱ्या आवृत्तीत शत्रूच्या शेजारच्या चौकटीतून निघालात तर तो फुकटचा वार करणार, आडोसा आहे की नाही ते चौकटीच्या कोपऱ्यापासून रेषा ओढून ठरणार, तिरक्या चालीत दर दुसरी चौकट दोन धरायची. म्हणजे खांब या चौकटीत की पलीकडच्या यावर पात्राचा जीव अवलंबून. २००३ मध्ये डी अँड डीच्या आधीच रंगवलेल्या प्लास्टिकच्या मिनी बाजारात आल्या, रंगकाम न येणाऱ्यांकडेही सैन्य जमा झालं, आणि २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तर सगळी अंतरं थेट चौकटींत लिहिली गेली, शत्रूला दोन चौकटी ढकला, तीन चौकटी सरकवा. ढकलायचं तर ढकलायला खड्डा हवा, कडा हवा, शेकोटी हवी, मग नकाशा काढणारा त्या काढू लागला. अनेकजण या आवृत्तीला नावं ठेवतात, पण नकाशा काढणाऱ्यांनी तिचे आभार मानले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, जमीन लढाईत भाग घेते हे तिच्यामुळे अंगवळणी पडलं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ग्रिड, म्हणजे चौकटींची जाळी, पुन्हा ऐच्छिक झालं तरी सवय काही गेली नाही.

मधल्या काळात सॉफ्टवेअर आलं होतंच, कॅम्पेन कार्टोग्राफर १९९३ चं आहे. पण हाताच्या रेषेची ओढ उलट वाढली. डायसन लोगोस या नावाने काढणाऱ्या चित्रकाराचे काळ्या शाईचे नकाशे आठवा, फरशी कोरी आणि भिंतीबाहेरच्या खडकात आडव्यातिडव्या रेघोट्यांचे छोटे छोटे गुच्छ. या रेघोट्या शोभेच्या नाहीत, पोकळ कुठे आणि भरीव कुठे हे त्या एका नजरेत सांगतात, आणि भिंतीपाशी दाट होऊन बाहेर विरत जातात त्यामुळे नकाशाला कडेची चौकट लागत नाही. ही धाटणी असंख्य लोकांनी उचलली आणि २०१८ मध्ये ती डी अँड डीच्या अधिकृत पुस्तकातही छापली गेली. दुसरीकडे माइक श्लीसारख्यांचे रंगीत, सावल्या पडलेले नकाशे, तिथे फरशीचा दगड नि दगड दिसतो. माझा कल पहिल्या बाजूला आहे, कारण खेळ चालू असताना दहा सेकंदात वाचता आला पाहिजे हा बॅटल मॅपचा पहिला गुण, आणि फार रंग भरला की मिनी त्यात हरवतात, वर ग्रिडही दिसेनासं होतं. भिंत सगळ्यात जाड, सामान मध्यम, फरशीच्या फटा सगळ्यात बारीक आणि मधेमधे तुटलेल्या, एवढी शिस्त पाळली तर तपशील कितीही असो, नकाशा वाचता येतो.

२०१२ मध्ये संगणकावर खेळण्यासाठीचं रोल२० आलं, २०२० मध्ये तसंच फाउंड्री, आणि खेळ पडद्यावर गेले. आता खेळाडूच्या पात्राला जेवढं दिसतं तेवढाच नकाशा उजळतो, बाकी काळोख, आणि भिंती कुठे आहेत ते सॉफ्टवेअरला आधी आखून द्यावं लागतं. म्हणजे राइसविट्झच्या पंचाचं काम मशीन करतंय आणि नकाशा पुन्हा थोडा लपला, पण तपशील मात्र उघड्या नकाशाचाच राहिला. हाताने काढणाऱ्यांच्या कामात याने एक छोटा बदल झाला, कागदावर ग्रिडची रेघ शाईने न ओढता खाली चौकटींचा कागद ठेवून लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, काढायचं किंवा पेन्सिलीची ग्रिड नंतर खोडायची, मग स्कॅन करून ग्रिड सॉफ्टवेअरला टाकू द्यायचं, कारण शाईची चौकट आणि पडद्यावरची चौकट एका पिक्सेलने जरी सरकली तरी मोठ्या नकाशाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मिनी भिंतीत उभी दिसते.