टोकंच नसलेला आरएनए

चकलीचं शेवटचं टोक नीट दाबलं नाही की तेलात ती सुटायला लागते, हे दिवाळीत कुणीही सांगेल. पेशीत आरएनएचं पण साधारण असंच असतं. नेहमीचा मेसेंजर आरएनए, म्हणजे प्रोटीन बनवायची जीनची कॉपी, हा दोन मोकळी टोकं असलेला धागा, आणि एन्झाइम्स बहुतेकदा टोकापासूनच त्याला कुरतडत जातात, त्यामुळे बिचारा काही तासांत संपतो. सर्क्युलर आरएनएची मात्र दोन्ही टोकं एकमेकांना पक्की जोडलेली, मग कुरतडणार कुठून? तो दोन-दोन दिवस सहज टिकतो.

तो बनतो उलट्या जोडणीतून. जीनच्या आरएनए कॉपीतले नको असलेले तुकडे (इंट्रॉन) कापून ठेवायचे तुकडे (एक्झॉन) क्रमाने जोडायचे, हे नेहमीचं स्प्लायसिंग. पण कधी कधी पुढच्या एक्झॉनचं शेपूट मागच्या एक्झॉनच्या तोंडाला जाऊन चिकटतं आणि झाली बांगडी तयार. याला बॅकस्प्लायसिंग म्हणतात.

1976 मध्ये झाडांना रोग पाडणाऱ्या व्हायरॉइडमध्ये (व्हायरसपेक्षाही लहान, नुसत्या आरएनएचे) गोल आरएनए सापडला, 1979 ला आपल्यासारख्या केंद्रक असलेल्या पेशींतही दिसला, पण पुढे कितीतरी वर्षं लोक त्याला स्प्लायसिंगची चूक समजून सोडून देत होते. त्यात गंमत अशी की लॅबमध्ये आरएनए गोळा करायचे तर त्याच्या टोकाला असलेल्या 'ए' या अक्षरांच्या शेपटीला धरून, आणि बांगडीला शेपूट कुठलं! 2012-13 च्या सुमारास सिक्वेन्सिंगचा (आरएनएची अक्षरं वाचण्याचा) डेटा नीट चाळला तेव्हा कळलं की असे हजारो प्रकार आहेत, मेंदूत तर भरपूर.

सगळ्यात गाजला सीडीआर1एएस. त्याच्यावर miR-7 नावाच्या मायक्रोआरएनएला (इतर आरएनएंना चिकटून त्यांना दाबणारा छोटा आरएनए) चिकटायला 70 पेक्षा जास्त जागा आहेत, म्हणून 2013 मध्ये ठरलं की हा स्पंज, miR-7 ला शोषून गप्प बसवतो. छान गोष्ट होती. मग 2017 मध्ये, हे म्हणणाऱ्यांपैकीच बर्लिनच्या एका लॅबने उंदरांतून हा जीनच काढला. स्पंज गेला म्हणजे miR-7 मोकाट सुटायला हवा ना? उलट मेंदूतला miR-7 कमीच झाला! म्हणजे बांगडी त्याला नुसतं अडवत नव्हती, सांभाळत पण होती. या उंदरांत अजून एक बिघाड दिसला. मोठ्या आवाजाआधी हळू आवाज केला की एरवी उंदीर कमी दचकतो, हे मात्र तसे सावरायचे नाहीत.

तरी आजही कुठलाही नवा सर्क्युलर आरएनए सापडला की रिसर्च पेपरमध्ये लगेच स्पंज! मला हा आळस वाटतो, कारण बहुतेकांवर मायक्रोआरएनएच्या जागा मोजक्याच असतात.

मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो तो त्याचा टिकाऊपणा, कारण जास्त टिकणारा आरएनए म्हणजे जास्त वेळ प्रोटीन, आणि 2022 मध्ये चीनमध्ये या आयडियावर बनवलेली कोविडची लस उंदरांत आणि माकडांत चालली पण. अडचण एकच, प्रोटीन बनवणारं यंत्र, रायबोसोम, एरवी आरएनएच्या टोकावरच्या कॅपवरून (टोपीसारख्या खुणेवरून) चढतो आणि इथे टोकच नाही. म्हणून मधूनच चढायची सोय करावी लागते, 2018 मध्ये एमआयटीच्या लोकांनी ती कॉक्ससॅकी व्हायरसकडून उचलली.