तुरुंगाऐवजी काय, आणि भरपाई कोण देणार?

गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी शस्त्रं खाली ठेवली की दुसऱ्या दिवशी नागपूरच्या पेपरात फोटो ठरलेला. खाली हिशेब: कोणावर किती लाखांचं बक्षीस होतं, पुनर्वसनापोटी किती मिळणार. ऑक्टोबर २०२५मध्ये नक्षलवाद्यांचा बडा नेता भूपती ६० साथीदारांसह शरण आला तेव्हाही तेच. पोलीस खबऱ्या असल्याच्या संशयावरून नक्षलवाद्यांनी ज्यांना घरातून उचलून नेऊन मारलं, त्यांच्या घरच्यांचा उल्लेख या बातम्यांत मला क्वचितच दिसला आहे.

शस्त्र टाकणाऱ्याला किती सूट द्यायची आणि ज्याचं माणूस गेलं त्याला काय द्यायचं, हा पेच जुना आहे. दक्षिण आफ्रिकेने वर्णद्वेषी राजवटीच्या काळातल्या अत्याचारांसाठी १९९५च्या कायद्याने सत्यशोधन आयोग नेमला. राजकीय गुन्ह्याची संपूर्ण कबुली द्या, माफी घ्या, असा सौदा. सात हजारांवर अर्ज आले, माफी ८४९ जणांना मिळाली. पण या माफीत एक मेख होती. ती मिळालेल्यावर फौजदारी सोडा, नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही लावता येत नव्हता. पोलीस कोठडीतल्या छळानंतर मरण पावलेले वर्णद्वेषविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या घरच्यांनी याला आव्हान दिलं; १९९६मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने कायदा उचलून धरला. दाव्याचा हक्क गेला, त्या बदल्यात सरकार भरपाई देईल, हा त्यामागचा युक्तिवाद. आयोगाने सहा वर्षं वार्षिक रक्कम सुचवली होती. सरकारने २००३मध्ये दर पीडिताला ३० हजार रँड (तिथलं चलन) एकदाच देऊन विषय मिटवला. माफी तिथल्या तिथे, भरपाई मात्र वर्षानुवर्षं लटकलेली.

रवांडात वंशसंहाराचे आरोपी तुरुंगात मावेनात, म्हणून 'गचाचा' नावाच्या गावपंचायती बसल्या. कबुली देणाऱ्यांना शिक्षेचा काही भाग रस्ते, घरं बांधण्याच्या श्रमात फेडता आला.

कोलंबियाचा प्रयोग सगळ्यात सविस्तर. २००५मध्ये खासगी निमलष्करी टोळ्यांसाठी कायदा झाला: कबुली द्या, पाच ते आठ वर्षं तुरुंग. २०११च्या कायद्याने पीडितांची अधिकृत नोंद सुरू झाली. आज त्या नोंदीत ९० लाखांहून अधिक नावं आहेत. २०१६मध्ये फार्क बंडखोरांशी केलेला करार जनमतात निसटत्या मतांनी पडला, तो दुरुस्त करून संसदेतून मंजूर करून घेतला. त्यातून विशेष न्यायालय उभं राहिलं. वेळेत खरं सांगितलं तर पाच ते आठ वर्षं तुरुंगाबाहेरची शिक्षा. नाकारत राहिलात आणि दोषी ठरलात तर वीस वर्षांपर्यंत गजाआड.

पहिले निकाल यायला सप्टेंबर २०२५ उजाडलं. अपहरणांबद्दल फार्कच्या सात माजी म्होरक्यांना आठ वर्षं: बेपत्ता माणसांचा शोध, सुरुंग काढण्याच्या कामात हातभार, स्मारकं. दोनच दिवसांनी बारा माजी सैनिकांचा नंबर लागला. निरपराधांना मारून बंडखोर म्हणून दाखवायचं, आपल्याकडे ज्याला बनावट चकमक म्हणतात तेच. १३५ बळी, त्यांत विवा आणि कांकुआमो आदिवासीही. अपहरणातून सुटून आलेल्या अनेकांना फार्कच्या म्होरक्यांची शिक्षा फारच हलकी वाटली. मला त्यांचा राग समजतो.

आपल्याकडे १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही शिक्षा आली, पण किरकोळ गुन्ह्यांपुरती. पीडितांच्या भरपाईची योजना २००९च्या दुरुस्तीने कायद्यात आली. महाराष्ट्राची आत्मसमर्पण योजना २००५ची. शरण आलेल्याची फाईल एकीकडून जाते, मारल्या गेलेल्याच्या वारसांच्या मदतीची दुसरीकडून. त्या माणसाला रात्री कुठे नेलं, कोणी ठरवलं, हे शरण आलेल्याने त्याच्या घरच्यांना सांगायचं, अशी अट दोन्हीकडे नाही.