आरशासमोर ‘मामा’ म्हणून पाहा

आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हणा: पापा. मग बाबा. मग मामा. आरशात तिन्ही वेळा एकच चित्र दिसलं असेल. प, ब, म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. फरक पडतो तो घशातल्या कंपनात आणि नाकातून जाणाऱ्या हवेत, आणि ते काही बाहेरून दिसत नाही. आता हाच प्रयोग दवाखान्यात नेऊन पाहा. डॉक्टर विचारतात, ‘पोट दुखतंय का?’ ऐकू न येणाऱ्या पेशंटला ते ओठांवर ‘बोट’ही दिसू शकतं. ‘काका’ म्हणाल तर आणखी पंचाईत, कारण जिभेची सगळी हालचाल मागे, टाळूच्या टोकापाशी होते. ओठांवर काहीच उमटत नाही.

ऐकू न येणाऱ्या माणसाला ओठांवरून सगळं कळतं, हा समज फार पक्का आहे. प्रत्यक्षात ओठ वाचणं हे पुष्कळसं अंदाजाचं काम आहे. विषय माहीत असेल, माणूस ओळखीचा असेल, उजेड त्याच्या तोंडावर असेल तर अंदाज जमतो. दाट मिशा, तोंडात पानाचा तोबरा किंवा पाठीमागे खिडकी असेल तर गेलाच. कोरोनाच्या काळात सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा तर उरलेसुरले ओठही झाकले गेले. आणि दिवसभर असे अंदाज बांधत राहिलं की डोकं शिणतं, हे ऐकणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही.

पण या समजाच्या मुळाशी त्याहून मोठा एक समज आहे. बहिरेपण म्हणजे रेडिओचं बटण बारीक केलेलं. मोठ्याने बोला किंवा कानाला मशीन लावा, की झालं. बाकीचे बहुतेक गैरसमज यातूनच निघतात, असं मला वाटतं. म्हणून आधी कानात काय चालतं ते पाहू.

आवाजाने कानाचा पडदा हलतो, पडद्यामागच्या हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांतून ती हालचाल आत जाते आणि गोगलगाईच्या शंखासारख्या वेटोळ्या नळीत, म्हणजे कॉक्लियात पोचते. तिथल्या द्रवात लाटा उठतात आणि केशपेशी डुलतात. एका कानात या पेशी जेमतेम पंधरा हजारांच्या आसपास. त्यांच्या डुलण्याचा विजेचा संदेश होतो आणि तो मेंदूकडे जातो. पडदा फाटला, कान वाहू लागला किंवा हाडांची साखळी ताठरली, तर वाट अडते. तिथे औषध किंवा शस्त्रक्रिया बरेचदा उपयोगी पडते. केशपेशीच गेल्या तर मात्र गोष्ट वेगळी. त्या पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांच्या कानात उगवतात. या बाबतीत अंगणातली कोंबडी आपल्यापेक्षा नशीबवान.

शिवाय या पेशी एकदम, सगळीकडून सारख्या जात नाहीत. कॉक्लियाच्या दाराशी असलेल्या पेशी बारीक, उंच स्वर टिपतात, आतल्या टोकाच्या पेशी खर्ज टिपतात. वयाबरोबर आणि गोंगाटाने आधी झिजतात त्या दाराजवळच्या. आता भाषेत उंच कंपनांचं काय असतं? स, श, च, त, ट यांसारखी व्यंजनं. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत, भरदार असतात, ते शाबूत राहतात. म्हणजे आजोबांच्या कानावर आवाज पडतो, पण चहा, सहा, दहा, पहा हे सगळे शब्द एकाच साच्यातले होऊन बसतात. ‘ऐकू येतं गं, पण कळत नाही,’ हे वाक्य ज्या घरात म्हातारं माणूस आहे त्या घरात कधी ना कधी कानावर पडलेलं असतं. ते अगदी शास्त्रशुद्ध वाक्य आहे.

‘यांना हवं ते बरोबर ऐकू येतं,’ या टोमण्याचं उत्तरही इथेच आहे. दुपारी शांत खोलीत मुलगा समोर बसून खर्जात पैशांविषयी बोलतो, ते कळतं. संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीवरची मालिका आणि नातीचा बारीक आवाज, तोही पाठीमागून. ते कळत नाही. यात लबाडी नाही. गोंगाटातून एक आवाज वेगळा काढायला जे बारकावे लागतात, तेच हरवलेले असतात.

मग आपण ओरडतो. ओरडण्याने स्वर फुगतात, व्यंजनं मात्र तिथेच राहतात, आणि ओठ वेडेवाकडे होऊन वाचायलाही अवघड जातात. त्यात आणखी एक विचित्र प्रकार आहे. साधारण कानाला अगदी हळू आवाजापासून नकोसा वाटणाऱ्या आवाजापर्यंत सुमारे १०० डेसिबलची जागा असते. केशपेशी गेल्यावर खालची मर्यादा समजा ६० डेसिबलवर चढते, पण वरची फारशी हलत नाही. उरते ती चिंचोळी पट्टी. म्हणून ‘जरा मोठ्याने बोल’ आणि ‘ओरडतोस काय!’ ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाकडून, अर्ध्या मिनिटाच्या अंतराने ऐकायला मिळतात. दोन्ही खरी असतात.

कानाच्या मशीनची तुलना नेहमी चष्म्याशी होते. ती फसवी आहे. चष्मा भिंगाचा दोष सुधारतो, डोळ्यातला पडदा धड असतो. इथे बिघाड बहुधा डोळ्यातल्या त्या पडद्याच्या जागी असलेल्या केशपेशींतच असतो. मशीन आवाज वाढवतं, हल्लीचं मशीन त्या चिंचोळ्या पट्टीत तो नीट दाबून बसवतं, पण गेलेल्या पेशीचं काम करत नाही. ते उपयोगी नक्कीच आहे. त्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि पहिल्याच आठवड्यात ते कपाटात गेलं तर दोष सगळा मशीनचा नसतो. कॉक्लिअर इम्प्लांट याच्या पुढे जातं. ते केशपेशींना बगल देऊन थेट श्रवणचेतेला विजेचे ठोके देतं. पण पंधरा हजार पेशींचं काम तिथे बाराबावीस इलेक्ट्रोड करतात. मेंदूला ही नवी बोली शिकावी लागते, त्यासाठी पुढे दीर्घ सराव लागतो. आणि बाहेरचा भाग काढून ठेवला की मूल पुन्हा बधिरच असतं. ‘ऑपरेशन झालं, आता ऐकू येतं’ असं म्हणून शाळेने त्याला शेवटच्या बाकावर बसवायचं नसतं.

जाता जाता गोंगाटाचं. ८५ डेसिबलचा आवाज कानाला आठ तास सोसतो असं मानलं, तर दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. ढोल-ताशा पथकातल्या पोरापोरींनी याचा हिशेब स्वतःच करावा. ‘कानात बोळे घातलेत का?’ हा आपल्याकडे टोमणा आहे. तिथे तो सल्ला समजावा. फक्त बोळे कापसाचे नकोत, त्याने फारसं काही अडत नाही. फोमचे घ्या.

आजोबांची भाषा कान जाण्याआधीच पक्की झालेली असते. तान्ह्या बाळाची नसते, आणि खरी घाई तिथे आहे. जन्मतः ऐकू न येणारी मुलं हजारात एक ते तीन असतात. घरातली परीक्षा ठरलेली: मागे थाळी वाजवायची. बाळ वळतं, सगळे निर्धास्त होतात. पण थाळी दणक्याने वाजते, जमीन थरथरते, भिंतीवर सावली हलते, आईची नजर तिकडे जाते. बाळ यातल्या कशानेही वळेल. थाळीचा दणका ऐकू येणाऱ्या बाळाला बोलणं ऐकू येतच असेल असंही नाही. मग दीड वर्ष होतं, दोन होतात. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘जीभ जड आहे’, ‘याचा काकाही चार वर्षांनी बोलला’. या धीराच्या शब्दांनी जेवढी वर्षं वाया गेली आहेत, तेवढी रोगाने नसतील.

तपासणी अगदी सोपी आहे. निरोगी कान आवाज ऐकतो तसा स्वतःही अतिशय क्षीण आवाज काढतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं. झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक बोंडासारखी नळी ठेवून तो प्रतिसाद टिपतात; शंका आली तर ‘बेरा’ करतात, म्हणजे आवाजाचा संदेश मेंदूकडे नीट जातो का ते पाहतात. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू, असा जगभर मानलेला क्रम आहे. कारण पहिल्या काही वर्षांत मेंदू भाषेसाठी टपून बसलेला असतो. ती कोणत्या वाटेने येते याची त्याला फिकीर नसते. १९९१ मध्ये लॉरा ॲन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट या संशोधकांनी दाखवलं की बधिर आईबापांची बधिर बाळं हातांनी बोबडं बोलतात: खुणांचे अर्थहीन तुकडे, पुन्हा पुन्हा, लयीत. आपल्या बाळांच्या ‘बाबाबा’सारखेच.

तेव्हा ‘मुका’ हा शब्द शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. घसा, स्वरतंतू, जीभ सगळं ठाकठीक असतं. जो आवाज ऐकलाच नाही त्याची नक्कल करता येत नाही, इतकंच. ‘मूकबधिर’ अजून कित्येक शाळांच्या पाट्यांवर आहे. कर्णबधिर किंवा बधिर म्हणणं बरं. ‘ठार बहिरा’ तर क्वचितच कोणी असतो. थोडंफार कानावर येणाऱ्यांचीच संख्या मोठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबलचा तोटा म्हणजे बधिर आणि ६० ते ७० म्हणजे ऐकण्यात कमी, अशी रेघ आखली आहे.

खुणांची भाषा शिकवली तर मूल बोलायला आळशी होईल, ही भीती आईबापांना अजून घातली जाते. तिला इतिहास आहे. १८८० मध्ये इटलीत मिलान इथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि वर्गातून खुणा हद्दपार कराव्यात, मुलांना बोलायलाच शिकवावं, असं ठरलं. ठरवणारे जवळजवळ सगळे ऐकणारे. मुंबईत बधिर मुलांची शाळा निघाली ती याच दशकात. मुलांनी हात बांधून बसायचं आणि कधीही न ऐकलेला ध्वनी घोटायचा, हा रिवाज जगभर पिढ्यान् पिढ्या चालला. २०१० मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला भरलेल्या बधिरांच्या शिक्षणाच्या परिषदेत त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला. खुणांमुळे बोलणं अडत नाही. अडतं ते कोणतीच भाषा वेळेवर न मिळाल्याने.

आणि या खुणा म्हणजे मराठीचं हातवाऱ्यांतलं भाषांतर नव्हे, जगभर सारख्याही नव्हेत. इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, पण तिथल्या बधिरांच्या भाषा एकमेकांना कळत नाहीत; अमेरिकेतल्या भाषेचं नातं फ्रान्सशी आहे. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषा आहे. शब्द शहरागणिक थोडे बदलतात, व्याकरण बरंचसं एकच. त्यात पुरुष दाखवायला बोट मिशीवर जातं आणि बाई दाखवायला चमकीच्या जागी, नाकपुडीशी. प्रश्नवाचक शब्द वाक्याच्या शेवटी येतो. हो-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून विचारतात. म्हणजे चेहरा हाही व्याकरणाचाच भाग. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ही भाषा शिकवण्याचे अभ्यासक्रम २००१ पासून आहेत, आणि दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने केलेला तिचा कोश २०२१ मध्ये दहा हजार शब्दांपर्यंत पोचला. ही भाषा मातृभाषा असलेल्याला मराठी ही दुसरी भाषा असते, तीही न ऐकता शिकलेली. ‘लिहून दाखवलं की झालं’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

राहिला प्रश्न लग्नाच्या वेळचा: बधिर जोडप्याची मुलं बधिरच होणार का? बहुधा नाही. बधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांचे आईबाप ऐकणारे असतात. जनुकीय बहिरेपण बरेचदा अप्रभावी असतं, म्हणजे दोघांकडून तेच सदोष जनुक आलं तरच ते प्रकटतं. नवराबायकोचे दोष वेगवेगळ्या जनुकांत असतील तर मूल ऐकणारं होतं. दोघांचा दोष एकाच जनुकात असेल तर सगळी मुलं बधिर होऊ शकतात. उलट दोघेही ऐकणारे, पण मामाची मुलगी केलेली, तर तेच जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. भविष्यवाल्यापेक्षा जनुक-समुपदेशकाला विचारलेलं चांगलं.

जेवायला सगळे बसलेत. कोणीतरी काही बोलतं, पंगत खदखदून हसते. ऐकू न येणारा एकजण सगळ्यांच्या तोंडांकडे पाहत विचारतो, काय झालं? शेजारचा हसू आवरत म्हणतो, ‘काही नाही, नंतर सांगतो.’ बधिर माणसांना विचारलंत तर हे वाक्य त्यांना ओठांवरून अचूक वाचता येतं, सरावाने.