स्पार्क प्लगचे आटे गेले असतील तर: इंजिन आमच्याकडे आणण्यापूर्वी वाचावे असे काही

पाना फिरतोय, पण प्लग घट्ट होत नाही. किंवा प्लग काढला तर त्याच्या आट्यांना ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळून आली. दोन्हीचा अर्थ एकच: हेडमधले, म्हणजे प्लग बसतो त्या सिलिंडरवरच्या झाकणातले, आटे गेले. इंजिन अजून चालू होत असले तरी ते चालवू नका. १४ मिमीच्या प्लगचे क्षेत्रफळ साधारण दीड चौरस सेंटिमीटर भरते. पेट्रोल पेटल्यावरचा दाब चौरस सेंटिमीटरला ३० ते ४० किलो धरला, तर दर स्फोटाला प्लगवर ४५ ते ६० किलोचा धक्का बसतो. ३,००० आरपीएमवर चालणाऱ्या फोर-स्ट्रोक जनरेटरमध्ये असे धक्के सेकंदाला २५ बसतात. उरलेले दोन-तीन आटे ते फार काळ सोसत नाहीत. प्लग टोपीसकट उडतो आणि जाताना आपली बैठकही (वॉशर टेकतो ती सपाट जागा) खराब करतो. मग साधे काम मोठे होऊन बसते.

आटे का जातात

प्लगचे अंग पोलादी आणि हेड ॲल्युमिनियमचे, त्यामुळे झीज नेहमी हेडचीच होते. आमच्याकडे येणाऱ्या कामांत पुरंदरच्या अंजीर-सीताफळाच्या बागांतले फवारणी पंप, मुळशी-मावळातले भाताचे वीडर (तण काढायची यंत्रे), सोसायट्यांचे छोटे जनरेटर आणि स्कूटर असतात. सगळीकडे कारणे तीच. प्लग हाताने न लावता थेट पान्याने सुरुवात केली की तो तिरका चढतो. पेट्रोलच्या टाकीमुळे पाना सरळ बसत नाही, तिथे हे हमखास होते. दुसरे कारण म्हणजे गरम इंजिनमधून प्लग काढणे. तिसरे, ‘अजून थोडा आवळू’ ही सवय.

चौथे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: चुकीच्या लांबीचा प्लग. एनजीके कंपनीच्या प्लगवरच्या ‘बीपीआर६ईएस’ या क्रमांकात पहिले अक्षर व्यास सांगते (बी म्हणजे १४ मिमी, डी १२, सी १०) आणि आकड्यानंतरचे अक्षर आट्यांची लांबी सांगते: ई असेल तर १९ मिमी, एच असेल तर १२.७. होंडा जीएक्स १६० इंजिनाला हाच १९ मिमीचा प्लग लागतो. आखूड हेडमध्ये लांब प्लग बसवला तर त्याचे टोक आत लोंबते, आट्यांवर कार्बन जमतो आणि काढताना तो कार्बन हेडचे आटे खरवडून आणतो. काही इंजिनांत पिस्टनच प्लगवर आदळतो. उलट लांब हेडमध्ये आखूड प्लग चालवला तर खालच्या आट्यांत कार्बन भरतो आणि पुढे योग्य प्लग चढतच नाही. अशा वेळी आटे गेलेले नसतात, फक्त चोंदलेले असतात. जोर लावू नका. टॅपने, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराने, साफ केले की काम होते.

जे करू नये

टेफ्लॉन टेप, एम-सील, आट्यांवर तांब्याची तार, एकावर एक दोन वॉशर असे उपाय लावलेली इंजिने येतात, म्हणून स्पष्ट लिहितो. प्लगची उष्णता आट्यांतून आणि वॉशरखालच्या बैठकीतून हेडमध्ये उतरते, ठिणगीचे अर्थिंगही तिथूनच मिळते. मध्ये टेप किंवा एम-सील भरले की प्लग तापून लाल होतो आणि ठिणगीआधीच पेट्रोल पेटवू लागतो. पिस्टनला भोक पडण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. शिवाय एम-सील त्या उष्णतेला टिकत नाही.

आम्ही काय करतो

बैठक शाबूत असेल आणि फक्त आटे घासले असतील, तर स्टेनलेस तारेची स्प्रिंग, म्हणजे हेलिकॉइल बसवतो. एम१४×१.२५ च्या (व्यास १४ मिमी, दोन आट्यांतले अंतर १.२५ मिमी) प्लगसाठी भोक वाढवून सुमारे १५.६ मिमी व्यासाचे नवे आटे पाडायचे, त्यात स्प्रिंग फिरवायची, आणि तिच्या आत मूळ मापाचा प्लग बसतो. नवे आटे मोठ्या व्यासावर असल्याने हा जोड मूळ ॲल्युमिनियमपेक्षा मजबूत होतो. स्प्रिंगचे वरचे टोक बैठकीच्या पाव ते अर्धा आटा खाली हवे. वर आले तर वॉशर बसत नाही. खालून चेंबरमध्ये (पेट्रोल पेटते त्या जागेत) डोकावले तर ते टोक तापून निखारा होते.

भोक फारच मोठे झाले असेल, किंवा आधीची स्प्रिंग उपटून आली असेल, तर कॉलरवाला बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली धातूची नळी, लागतो. पुण्यात लेथवर पितळी बुश लगेच करून मिळतो, आणि पितळेचे उष्णतेने होणारे प्रसरण पोलादापेक्षा ॲल्युमिनियमच्या जवळ असल्याने तो सहसा ढिला होत नाही. पण त्याचे आतले आटे मऊ असतात. जिथे प्लग वारंवार काढला जातो, तिथे आम्ही पोलादी बुशच सुचवतो. १० मिमीच्या प्लगच्या छोट्या हेडमध्ये (१०० ते ११० सीसीच्या बऱ्याच गाड्या) बुश शक्यतो टाळतो: प्लगचे भोक आणि व्हॉल्व्हची बैठक यांच्यामधली भिंत इतकी पातळ असते की बुशसाठी जागा केली की तिथून तडा जातो. तडा आधीच असेल तर आर्गॉन वेल्डिंग करून पुन्हा मशीनिंग करावे लागते. तो खर्च नव्या हेडच्या जवळ जात असेल तर नवे हेड घ्या, असे आम्हीच सांगू.

या कामात आट्यांइतकेच भोक सरळ असण्याला महत्त्व आहे. टॅप जरा कलला तरी प्लगचा वॉशर एकाच बाजूला टेकतो आणि दुसऱ्या बाजूने कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळते. म्हणून पंप, वीडर, जनरेटर यांचे हेड आम्ही उतरवूनच घेतो. चार बोल्टचे काम आहे, नवी हेड गॅस्केट तेवढी लागते. दुसरे कारण चुऱ्याचे. ॲल्युमिनियमचा बुरा मॅग्नेटला चिकटत नाही. सिलिंडरमध्ये राहिला तर भिंतीवर ओरखडे पाडतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली अडकला तर कॉम्प्रेशन घालवतो.

स्कूटरचे हेड उतरवायचे म्हणजे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कॅम चेनचे टायमिंग पुन्हा जुळवणेही आले. तिथे ग्राहक सांगेल तर जागेवर करतो: पिस्टन खाली, टॅपच्या खाचांत ग्रीस, पाव फेरी पुढे, मग मागे, बाहेर काढून पुसून पुन्हा. शेवटी व्हॅक्यूमची बारीक नळी आणि कॅमेऱ्याने तपासणी. याला वेळ जास्त लागतो, आणि बुरा शंभर टक्के निघाल्याची खात्री हेड उतरवल्याशिवाय देता येत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

काम झाल्यावर प्लगभोवती साबणाचे पाणी लावून दोरी ओढतो. बुडबुडा दिसला तर इंजिन परत टेबलावर येते.

घरी नेल्यावर

प्लग नेहमी थंड इंजिनवर काढा. काढण्याआधी भोवतीची माती फुंकून घ्या. लावताना पान्याशिवाय, बोटांनी शेवटपर्यंत फिरवा. जागा अडचणीची असेल तर प्लगच्या मागच्या टोकाला रबरी पेट्रोल नळीचा तुकडा खोचा, तिरका चढू लागला की नळी हातात घसरते. वॉशर टेकल्यावर नवा प्लग अर्धी फेरी, जुना असेल तर पाव फेरीपेक्षा जास्त नाही. टॉर्क पाना असेल तर १४ मिमीला २५ ते ३०, १२ मिमीला १५ ते २०, १० मिमीला १० ते १२ न्यूटन-मीटर. आट्यांना ग्रीस लावू नका. घर्षण कमी झाल्याने त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.

कधी प्लग काढताना त्याच्यासोबत स्प्रिंगही बाहेर येते. ती तशीच परत फिरवू नका, प्लगसकट आमच्याकडे आणा.

इंजिन आणताना शेवटचा बसवलेला प्लग टाकू नका, सोबत द्या. त्यावरचा कार्बन आणि आट्यांची लांबी पाहिली की निम्मे निदान तिथेच होते. पेट्रोल टाकीतून काढून आणा. याआधी कोणी स्प्रिंग किंवा बुश बसवला असेल तर तेही सांगा, कारण त्यावर पुढचे माप ठरते.